न वाचलेला कागद

ब्राह्मण दक्षिणा घेऊन उठले तेव्हा अडीच वाजून गेले होते, आणि भुवनाच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. सासूबाईंची तिथी म्हणजे दरवर्षी तिचाच मान. मान म्हणजे काय, चूल! थोरली जाऊ कामाक्षी गुडघ्यांचं निमित्त करून खुर्चीत बसून सूचना द्यायची आणि भुवनानं सोवळ्यात उभं राहून उडदाचे वडे तळायचे. "तुझ्या हाताची चव कुणाला नाही गं," एवढं एक वाक्य फेकलं की काम झालं. बावीस वर्षं हेच चाललं होतं आणि बावीस वर्षं ती त्या वाक्यावर खूश होत आली होती.

आज मात्र तिचं लक्ष कढईत नव्हतं, घड्याळात होतं. पाचच्या आत कर्ज मंजूर झाल्याचं बँकेचं पत्र तंजावूरबाहेर ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या मुलींच्या कॉलेजात पोचायला हवं होतं. पोचलं तर कॉलेजची कँटीन तिची. सातशे मुली, सकाळची इडली-पोंगल, दुपारचं जेवण, पाच वर्षांचा करार. नाही पोचलं तर कँटीन दुसऱ्या नंबरच्या अर्जाला, म्हणजे सेतुमाधवला. हा सेतुमाधव कोण? तर लग्नाकार्याची कंत्राटं घेणारा तिचाच मालक. त्याच्या पंगती गेली तीन वर्षं तीच उठवत होती, रोजचे नऊशे रुपये घेऊन. भांडी, वाफेचा बॉयलर, अनामत, सगळं मिळून आठ लाख लागणार होते. तेवढ्यासाठीच ती बँकेची पायरी चढली होती.

आणि बँकेतल्या बाईनं गुरुवारी काय सांगितलं? "अम्मा, तुमचा सिबिल स्कोर सहाशे चार. एवढ्यावर आम्हाला देता येत नाही."

सहाशे चार! भुवनाला आधी वाटलं, बाईनं दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली. तिच्या डोक्यावर आज एका पैचं कर्ज नव्हतं. छापखान्याचं फिटलं, दागिन्यांवरचं फिटलं, स्कूटरचा शेवटचा हप्ता जूनमध्ये गेला. ऋण फिटावं म्हणून तिरुच्चेरैच्या देवळात बोललेले अकरा सोमवारसुद्धा पुरे झाले. सगळं फेडलेल्या बाईला कमी मार्क आणि बुडवणाऱ्यांना विमानाची तिकिटं, हा कुठला न्याय? नक्की काहीतरी चूक झाली होती. आणि चूक शोधायला घरातच माणूस होता. थोरल्या दिरांचा, सांबशिवरावांचा मुलगा कार्तिकेय तिरुचीला बँकेत होता आणि आज तिथीला आला होता.

घरच्यांची पानं उठेपर्यंत साडेतीन झाले. पुरुष मंडळी थिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, पान खायला बसली. सांबशिवराव खांबाला टेकून. सहकार खात्यातून निवृत्त झाले तरी कुणी समोर आलं की अजून अर्ज घेऊन आल्यासारखे बघायचे. त्यांच्या बाजूला धाकटा भाऊ, भुवनाचा नवरा गणेशकुमार. छापखाना बुडाल्यापासून तो कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवत होता, आणि घरातही तसाच, दुसऱ्यानं सांगितलं की उलगडायचं, सांगितलं की घडी घालायची. नणंद सीतालक्ष्मी तिरुवैयारूहून आली होती. तिला सगळे अक्का म्हणायचे. दाराशी खुर्ची ओढून कामाक्षी बसली.

भुवनानं हात पुसले, मोबाइल घेतला आणि सरळ कार्तिकेयसमोर जाऊन उभी राहिली.

"कार्तिक, हे जरा बघ रे. बँकेनं पाठवलंय. कुठं चुकलंय तेवढं शोधून दे. पाचच्या आत त्या बाईला सांगायचंय."

"आज तिथीच्या दिवशी कशाला ते?" सांबशिवराव म्हणाले. "उद्या बघता येईल की."

"उद्या उपयोग नाही हो भावजी. आजचा शेवटचा दिवस."

"अगं, पण मूल दमून आलंय."

"अण्णा, बघू दे की त्याला," अक्का म्हणाली. "बापडी दोन दिवस झोपलेली नाही. मला फोनवर रडली."

कार्तिकेयनं मोबाइल घेतला. चांगला मुलगा होता. लहानपणी भुवनाच्या मांडीवर बसून दहीभात खाल्लेला. "काकू, बसा तुम्ही," म्हणाला आणि अंगठ्यानं पानं वर सरकवू लागला.

"दागिन्यांचं कर्ज, बंद. बरोबर. स्कूटर, बंद. एकही हप्ता चुकलेला नाही. फार छान." भुवनाच्या जिवात जीव आला. तिनं अक्काकडे बघून मानसुद्धा हलवली, बघा, म्हणाले नव्हते? "आता हे छापखान्याचं…"

आणि तो थांबला.

"काय रे?"

"काकू, हे तुम्ही पूर्ण फेडलं होतं का?"

"म्हणजे? असकं फेडलं! सगळे चार लाख वीस हजार. माझ्या आईची गळ्यातली अट्टिगै विकली, बांगड्या विकल्या, तुझ्या काकांच्या मशिनी भंगारात घातल्या. नोटा मोजून भावजींच्या हातात दिल्या मी. ह्याच ओट्यावर!"

"कारण इथं तडजोड लिहिलीय. कर्ज देणाऱ्या कंपनीनं दोन लाख साठ हजार घेतले आणि एक लाख साठ सोडून दिले. असं सोडवून घेतलेलं कर्ज फेडलेलं धरत नाहीत, काकू. ते सात वर्षं नावावर राहतं. बँका हेच आधी बघतात."

गल्लीतून नारळवाला ओरडत गेला.

"त्या कंपनीवाल्यांनी चुकीचं लिहिलं असेल," भुवना म्हणाली. "भावजी, सांगा ना ह्याला. तुम्ही पत्र आणलं होतंत. कर्ज फिटल्याचं पत्र."

पत्र आणलं होतं खरं. पण ते कुणी बघितलं होतं? या घराण्याची रीतच तशी. फिटलेल्या कर्जाचा कागद वाचायचा नाही, वाचला की कर्ज पुन्हा दारात येतं, असं पणजोबा एकोजीरावांपासून सांगत आलेले. त्यांनी म्हणे फिटलेली चिठ्ठी चारचौघांत मोठ्यानं वाचली आणि वर्षाच्या आत पुन्हा सावकाराच्या दारात उभे राहिले. तेव्हापासून कागद घडी न उघडता हळदकुंकू लावून कावेरीत सोडायचा. तीन वर्षांपूर्वी पत्र आलं त्याच संध्याकाळी सगळे तिरुवैयारूला गेले, सांबशिवरावांनी पायरीवर उभं राहून लिफाफा पाण्यात सोडला, आणि भुवनानं डोळे मिटून कावेरीला हात जोडले. हात जोडले! त्या वेळी तिला किती हलकं वाटलं होतं ते आठवून आता तिला स्वतःचाच राग आला.

"भावजी?"

सांबशिवरावांनी पानाची पिंक टाकली, तोंड पुसलं, आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "मी त्यांच्याशी भांडलो. तीन खेपा घातल्या. कोविडनं धंदा बुडालाय, बाई कुठून देणार, म्हणून सांगितलं. शेवटी ते दोन साठवर आले. दुसरा कुणी असता तर एक रुपया कमी झाला नसता."

"मग उरलेले एक साठ?"

"ते मी सोडवलेले पैसे."

"पण दिलेले माझे होते!"

"हळू बोल," कामाक्षी म्हणाली. "आज सासूबाईंचा दिवस आहे."

"वैनी, सासूबाईंनाही ऐकू दे की," अक्कानं मध्येच तोंड घातलं. आईच्या सोन्याच्या वाटणीवरून तिच्या पोटात अण्णांबद्दल जुनी आग होती, ती आता बाहेर आली. "अण्णा, तू तेव्हा मला काय म्हणालास? 'असकं भरलं, हात रिकामे झाले,' असं म्हणालास की नाही? आणि एक लाख साठ तुझ्या खिशात?"

"खिशात नाही. घरात लागले."

"कुणाच्या घरात?"

भुवनानं कार्तिकेयकडे बघितलं, हिशेब त्यालाच कळतो म्हणून, आणि तिला दिसलं की पोराचा चेहरा उतरलाय. तो मोबाइलवरच्या तारखेकडे बघत होता.

"चौदा मार्च," तो म्हणाला. "अप्पा, माझी शेवटच्या वर्षाची फी आपण सोळा मार्चला भरली. तुम्ही म्हणालात, फंडातले पैसे आले."

"अरे, मग काय करायचं होतं? कॉलेजनं तुझं नाव काढलं असतं!" सांबशिवरावांचा आवाज चढला. "दोन दिवसांची मुदत होती. फंड अडकलेला. आणि ही काही चोरी नव्हे. कंपनीनं आपणहून सोडलेले पैसे, मी मिळवलेले, घरातल्या मुलासाठी वापरले. आणि कोविडमध्ये अकरा महिने हे दोघं माझ्या घरी जेवले, तेव्हा मी हिशेब मांडला होता का?"

"जेवलो, हो," भुवना म्हणाली. "अकरा महिने जेवलो. पण शिजवत कोण होतं, भावजी? सकाळी पाचपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत? स्वयंपाकीणबाईला वैनींनी पहिल्याच आठवड्यात काढलं. नऊशे रोज लावा आणि अकरा महिन्यांचे किती होतात बघा. सेतुमाधव बरा की तुमच्यापेक्षा, तो संध्याकाळी हातावर पैसे तरी ठेवतो!"

कामाक्षीनं मान फिरवली. अक्का पुटपुटली, "बोल, बोल, एकदाचं बोल."

"काकू," कार्तिकेय खाली बघत म्हणाला, "ते एक साठ आता भरले तर कंपनी पूर्ण फेडल्याचं पत्र देईल. ते मी बघतो. पण नोंद बदलायला दोन महिने तरी जातात. आणि स्कोर चढायला पुढं वर्ष, दीड वर्ष."

"आज पाचच्या आत काय होतं ते सांग."

"आज काही नाही होत."

काही नाही. बास. तीन वर्षं तिनं एक नवीन साडी घेतली नव्हती, बसचे दहा रुपये वाचवायला राजवाड्यापासून बाजारापर्यंत पायी गेली होती, हप्त्याच्या तारखेआधी दोन दिवस बँकेत पैसे ठेवले होते. आणि त्या सगळ्याचं मोल एका ओळीनं खाल्लं. ती ओळ तिनं लिहिली नव्हती, वाचलीही नव्हती.

मग तिला आणखी एक शंका आली. "कार्तिक, कर्ज माझ्या नावावर. बायकांना व्याज अर्धा टक्का कमी म्हणून माझ्या नावावर घेतलेलं. तर मला न विचारता ही तडजोड झाली कशी?"

"होत नाही, काकू. कर्जदाराची सही लागते."

"माझी सही?"

"हो. कर्जदार तुम्हीच ना."

भुवनाला आठवलं. पैसे भरायच्या आदली संध्याकाळ. ती वाटण वाटत होती, हात ओले होते. एक कागद पुढं आला, पेन आलं, आणि आवाज आला, "इथं सही कर गं, उद्या भरायला फॉर्म लागतो." तिनं पदराला हात पुसून सही केली होती. कागद धरणारा हात सांबशिवरावांचा नव्हता.

ती नवऱ्याकडे वळली. गणेशकुमार आपल्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, काठाकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं काठाची चुणी सरळ केली.

"अहो, मी विचारतेय. तुम्हाला माहीत होतं?"

"अण्णांनी आपल्यासाठी खूप केलं होतं गं," तो कसाबसा म्हणाला. "मला वाटलं, कर्ज तर संपतंय. पैसे घरातच राहतायत. ह्या स्कोरबिरचं मला काय ठाऊक? मला वाटलं, तुला सांगितलं तर तुला वाईट वाटेल."

"तीन वर्षं!" ती एवढंच म्हणाली. तिरुच्चेरैच्या अकरा सोमवारांना हा माणूस तिच्याबरोबर बसनं आला होता. शेजारी बसून प्रसाद खाल्ला होता. सांबशिवरावांवर तिला संताप आला होता, पण तो संताप धरता तरी येत होता. ह्याच्यावर काय धरायचं?

कार्तिकेय उठला. "काकू, मी माझ्या नावावर लोन घेतो. पगारावर आठ लाख सहज मिळतील. तुम्ही मला हप्ते द्या. कॉलेजच्या मॅनेजरांना, मणी सारांना, आत्ता फोन करून एक आठवडा मागू या."

क्षणभर, खरंच क्षणभर, भुवनाला कँटीन दिसली. सातशे मुलींची रांग दिसली. अक्कासुद्धा म्हणाली, "अगदी बरोबर. तुझ्याच फीचे पैसे, तूच कर."

"आणि फ्लॅटचं काय?" कामाक्षी खुर्चीतून म्हणाली. गुडघेदुखी विसरून ती उभी राहिली होती. "तिरुचीच्या फ्लॅटचं कर्ज मंजूर होतंय. त्यावर तर शांभवीच्या घरच्यांनी लग्नाला होकार दिलाय. वर आठ लाख दाखवलेस तर बँक कापेल की नाही? तूच सांग, तू बँकेत आहेस."

कार्तिकेयनं हातातला मोबाइल उलटा केला, आणि तेवढ्यातच भुवनाला उत्तर कळलं.

"थोडं कापतील," तो म्हणाला.

"थोडं म्हणजे?"

"बरंच."

"झालं तर! मुलीच्या बापाला काय सांगायचं? घर नाही, पण काकूची कँटीन आहे?"

"अम्मा, असं नको बोलूस…"

"मग कसं बोलू?"

कार्तिकेय उभाच राहिला. मग हळूच बसला. "बघतो काकू, काहीतरी करतो," म्हणाला, आणि मोबाइल तिच्या हातात परत दिला. अक्कानं तोंड उघडलं, पण शांभवीचं स्थळ तिनंच आणलं होतं, तिच्याच शेजारातलं. तिनं तोंड मिटलं आणि अडकित्त्यानं सुपारी कातरू लागली. आता भुवनाच्या बाजूला कुणी नव्हतं.

पावणेपाचला फोन वाजला. कॉलेजचे मॅनेजर, मणी सार. ते ह्याच राजवाड्यामागच्या वस्तीतले, दहा घरांत रोजची ऊठबस, सकाळी ऐकलेलं संध्याकाळी तिरुवैयारूपर्यंत पोचवणारे. तिनं फोन उचलला तेव्हा ओट्यावरची पाचही माणसं ताठ झाली.

"अम्मा, पत्र नाही आलं. मी ऑफिसात थांबलोय," मणी सार तमिळमध्ये म्हणाले. "तुमची इडली प्रिन्सिपल मॅडमना फार आवडली होती बरं का."

"पत्र येणार नाही, सार. अर्ज मागं घेते मी."

"अय्यो! अहो, का? पहिला नंबर तुमचा. आता सेतुमाधवला द्यावं लागेल."

"हो, द्या."

"कारण लिहावं लागतं फाइलीत. काय लिहू?"

भुवनानं मान वर केली. सांबशिवराव तिच्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच अर्जदारासारखे. कामाक्षीचा हात पदराच्या टोकाला गच्च आवळलेला. कार्तिकेयनं डोळे खाली घातले होते. एक वाक्य. एकच वाक्य बोलायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत असकं तंजावूर बोललं असतं, आणि शांभवीच्या बापानं उद्या सकाळी होकार मागं घेतला असता. तिच्या जिभेवर होतं ते वाक्य. एवढी वर्षं गिळलेली सगळी वाक्यं त्याच्या मागं उभी होती.

"अम्मा? ऐकताय ना?"

"लिहा, सार," ती म्हणाली. "घरगुती अडचण."

"बरं, बरं. काळजी घ्या."

फोन बंद झाला. ओट्यावर कुणीतरी मोठा श्वास सोडला. कोण ते तिनं बघितलं नाही. तो सगळ्यांनीच सोडला असावा.

अक्का उठली, जवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "शहाणी माझी ती. घराची अब्रू राखलीस. आई असती तर दृष्ट काढली असती तुझी."

भुवना तशीच उभी होती. पाठीवरचा हात फिरत होता, आणि तिला तो झटकायचा होता, पण तेवढंही तिच्यानं होईना. आतून कामाक्षीचा आवाज आला. फोन बंद होताच ती आत गेली होती आणि आता अगदी पूर्वीसारखी, मऊ आवाजात बोलत होती.

"भुवना, सगळ्यांना कॉफी टाकतेस का गं? तुझ्या हातची चव कुणाला नाही."

आणि भुवना आत गेली.